जुन्या यंत्रांवर नवा नाच

मे 2013 मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ हा अल्बम आला, तेव्हा त्यांचे जुने चाहते काहीसे गोंधळले. तोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो या दोघांनी 1997 चा आपला पहिला अल्बम पॅरिसमधल्या घरातल्या एका खोलीत ड्रम मशीन आणि सँपलरवर केला होता. रोबोचे मुखवटे चढवून यंत्रांचा जयजयकार करणारी ही माणसं. आता त्यांनीच लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कचे नामांकित स्टुडिओ भाड्याने घेतले आणि ड्रमवर ओमर हकीम आणि जॉन ‘जेआर’ रॉबिन्सन, बासवर नेथन ईस्ट, गिटारवर शीक बँडचे नाइल रॉजर्स अशी कसलेली मंडळी बसवली. आवाज टेपवर घेतला. खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं तेव्हा छापून आलं. पुढच्या जानेवारीत या अल्बमला ग्रॅमीचा ‘वर्षातला सर्वोत्तम अल्बम’ हा मान मिळाला, शिवाय ध्वनिमुद्रणाचा वेगळा पुरस्कारही.

त्यानंतरच्या दशकात ‘व्हिंटेज’ हा नृत्यसंगीतातला मोठा शिक्का झाला. निर्माता मार्क रॉन्सनने 2015 च्या अल्बमसाठी मेम्फिसचा जुना रॉयल स्टुडिओ गाठला. 2020 मध्ये दुआ लिपा, जेसी वेअर, रोशीन मर्फी अशा तिघींचे डिस्कोची आठवण जागवणारे अल्बम एकाच वर्षात आले. तेव्हा प्रश्न असा, की आजचा अल्बम चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर आणि रीतींनी केल्याने नेमकं काय हाती लागतं? नेहमीचं उत्तर म्हणजे ‘ऊब’. ॲनालॉगमध्ये ऊब असते, डिजिटल थंड असतं. हे उत्तर अर्धवट आहे, आणि यंत्रं विकणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. जुन्या यंत्रांची खरी देणगी त्यांच्या अडचणींत होती असं मला वाटतं. त्या अडचणी माणसाला वेळेत निर्णय घ्यायला लावत आणि एकदा घेतलेला निर्णय सहजी मागे फिरवू देत नसत.

मुळात ‘जुनं’ म्हणताना तीन वेगवेगळे काळ एकाच पोत्यात भरले जातात. पहिला सत्तरच्या दशकातला, मोठ्या स्टुडिओचा आणि टेपचा. दुसरा ऐंशीच्या सुरुवातीचा, स्वस्त जपानी डब्यांचा. तिसरा त्यानंतरचा, सँपलरचा. तिघांचं अर्थकारण वेगळं, घडवणारी माणसं वेगळी आणि अडचणीही वेगळ्या.

टेपपासून सुरुवात करू. स्टुडिओतली चोवीस ट्रॅकची टेप दोन इंच रुंद असते. अडीच हजार फुटांचं रीळ सेकंदाला तीस इंच या वेगाने फिरवलं तर साधारण सोळा मिनिटं चालतं, पंधरा इंचांच्या वेगाने दुप्पट. आवाजाची पातळी वाढवत नेली की टेपवरचा चुंबकीय थर एका मर्यादेनंतर पूर्ण प्रतिसाद देत नाही. ड्रमच्या आघाताचं टोक छाटलं न जाता गोलाई घेतं, त्याच्यासोबत काही नवे स्वरांशही मिसळतात. खालच्या पट्टीत टेप यंत्राच्या हेडच्या घडणीमुळे थोडा फुगवटा येतो, तो बासला मानवतो. लोक ज्याला ऊब म्हणतात ती बरीचशी एवढीच. ती मोजता येते आणि म्हणूनच आजच्या प्लग-इनमध्ये तिची नक्कलही बऱ्यापैकी जमते.

नक्कल करता येत नाही ती कामाच्या रीतीची. 1977 मध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डॉना समरसाठी ‘आय फील लव्ह’ हे गाणं केलं. जवळजवळ सगळं गाणं मूगच्या अजस्र मॉड्युलर सिंथेसायझरवर. ते यंत्र तापलं की सूर सोडायचं. म्हणून वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्यायचा, थांबायचं, पुन्हा सुरात लावायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा. सगळे थर एका तालात राहावेत म्हणून टेपच्याच एका ट्रॅकवर इशाऱ्याचा ठोका भरायचा आणि त्याच्यावर यंत्राला बांधून ठेवायचं. ही युक्ती स्टुडिओतला अभियंता रॉबी वेडेल याची. बासची ओळ एका कानात सरळ आणि दुसऱ्या कानात किंचित उशिरा सोडली, म्हणून ती दुप्पट वेगाने धावल्यासारखी वाटते. मूगला दमदार किक मात्र जमेना. शेवटी ती कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवली. भविष्याचं गाणं म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच्या तळाशी एका माणसाचा पाय आहे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये उलट प्रकार घडला. बी जीज ‘स्टेइन अलाइव्ह’ रेकॉर्ड करत होते आणि घरच्या दुःखद प्रसंगामुळे त्यांच्या ड्रमरला निघून जावं लागलं. निर्माता ॲल्बी गॅल्युटन आणि अभियंता कार्ल रिचर्डसन यांनी आधी रेकॉर्ड झालेल्या ‘नाइट फीव्हर’मधल्या ड्रमच्या काही मात्रा टेपवर उतरवल्या, टोकं जोडून तिचं कडं केलं आणि ते यंत्रावर फिरतं ठेवलं. माणसाने वाजवलेला तुकडा यंत्रासारखा गोल फिरत राहिला. त्या न चुकणाऱ्या, तरीही मानवी ठेक्याने गाण्याला चाल दिली. पुढे तबकडीवर ड्रमरच्या जागी बर्नार्ड ल्युप या काल्पनिक माणसाचं नावही छापलं गेलं. आज कुठल्याही लॅपटॉपवर लूप ही पहिली पायरी आहे, तेव्हा तो नाइलाज होता.

अडचणीतून काय घडतं हे मुंबईला सांगायची खरं तर गरज नाही. बहुट्रॅक यंत्रणा रुळण्यापूर्वी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी उभे राहत आणि शेवटच्या ओळीत एक व्हायोलिन घसरलं तरी सगळं पहिल्यापासून. त्या गाण्यांतला ताण आणि नेमकेपणा मायक्रोफोनपेक्षा या धास्तीतून जास्त आला असावा.

आता दुसरा काळ. माझ्या दृष्टीने सगळ्यात रंजक हाच. जपानच्या रोलंड कंपनीने 1980 मध्ये टीआर-808 हे ड्रम मशीन काढलं. त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन याच्या एलएम-1 मध्ये खऱ्या ड्रमचे नमुने साठवलेले होते, पण किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. 808 बाराशेच्या आसपास. त्यात एकही खरा आवाज नाही. किक म्हणजे विरत जाणारं एक विद्युत आंदोलन, झांज म्हणजे सहा बेसूर आंदोलनांचा गाळून घेतलेला कल्लोळ. खऱ्या ड्रमची ओढ असलेल्यांनी नाकं मुरडली. जेमतेम बारा हजार नग निघाले आणि 1983 मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी आलेल्या 909 मध्ये किक ॲनालॉग राहिली, झांजा मात्र डिजिटल नमुन्यांच्या झाल्या. म्हणजे टेक्नोच्या ज्या यंत्राला आज अस्सल ॲनालॉगचा मुकुट घालतात ते स्वतःच धेडगुजरी आहे.

या यंत्रांवर सोळा बटणांची एक ओळ असते. ती सोळा घरं म्हणजे एक आवर्तन. पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं बटण दाबलं की डिस्को-हाउसचा चार ठोक्यांचा पाया तयार. आपल्याकडच्या कुणालाही यात तीनतालाचे चार विभाग दिसतील. फरक एवढाच की तीनतालात नवव्या मात्रेवर खाली असते, बायाँ मोकळा होतो आणि समेची ओढ तिथूनच सुरू होते. हाउसमध्ये खालीच्या जागीही तेवढाच जोरकस ठोका पडतो. ओढ निर्माण करायची तर ती दुसऱ्या कशाने तरी करावी लागते. हाय-हॅट उघडून, किक काही आवर्तनं काढून घेऊन, नाहीतर फिल्टर हळूहळू उघडत नेऊन. नृत्यसंगीताच्या निर्मितीची निम्मी कला या एका उणिवेभोवती फिरते.

808 चं धाकटं भावंड म्हणजे 1981 चं टीबी-303. घरी सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून तादाओ किकुमोतो यांनी ते रचलं. बासगिटारशी त्याच्या आवाजाचं काडीचं साम्य नव्हतं. त्यात ओळ भरायची रीतही छळणारी, स्वर एकदा भरायचे आणि त्यांची लय पुन्हा वेगळी भरायची. जमलं नाही की भलतंच काहीतरी वाजायचं. सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने नाद सोडला आणि ती यंत्रं जुन्या मालाच्या दुकानांत जाऊन पडली. शिकागोच्या कृष्णवर्णीय पोरांना परवडली ती त्यामुळेच. 1987 मध्ये ‘फ्युचर’ या त्रिकुटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ बाहेर आलं. त्यातला डीजे पिअर 303 ची बटणं पिळत होता, फिल्टर उघडत-मिटत होता आणि यंत्र किंचाळत होतं. डीजे रॉन हार्डीने त्याची टेप म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये एकाच रात्री चारदा लावली. सुरुवातीला माणसं नाचायची थांबली आणि चौथ्या वेळी वेडी झाली, अशी ती ॲसिड हाउसच्या जन्माची प्रसिद्ध कथा.

इथे मुंबईचा एक माणूस मधे येतो. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी सिंगापूरहून 808, 303 आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर आणले आणि 1982 मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी अवघ्या दोनेक दिवसांत रेकॉर्ड केली. भैरव, ललित, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग आणि खाली सतत चालणारा यांत्रिक ठेका. फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि 2010 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा युरोप चक्रावला. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत ॲसिड हाउस! ही एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचीच खोडी असावी असाही काहींचा संशय होता. सिंग यांना सत्तरीत परदेशी रंगमंच मिळाले. 2015 मध्ये ते गेले.

त्यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हणण्याचा मोह आपल्या वृत्तपत्रांना आवरला नाही. मला ते मान्य नाही. ॲसिडचा गाभा वाजत असताना फिल्टर पिळण्यात आहे. सिंग यांचा 303 शहाण्यासारखा रागाची आरोही-अवरोही वळणं गिरवत राहतो आणि वर ज्युपिटरवर ते आलापी करतात. त्यांना खुणावलं ते दुसऱ्याच एका सोयीने. 303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची तरतूद आहे. गिटारवाल्यांना ती विचित्र वाटली असेल, पण मींड कानात असलेल्या वादकाला ती ओळखीचीच. श्रुती अर्थात त्यात नाहीत, पियानोच्या बारा स्वरांतच सगळं भागवावं लागतं आणि ललितात ते खटकतंही. पण एकाच जपानी डब्याच्या दोन शहरांत दोन परस्परांना अनोळखी वाटा निघाल्या, हे कुठल्याही ‘पहिला कोण’ या वादापेक्षा मोठं आहे. दोन्हीकडे यंत्र नवं होतं किंवा टाकाऊ होतं. ‘व्हिंटेज’ ते कुणासाठीच नव्हतं.

आजच्या जुनाटप्रेमाची गोम इथे आहे. शिकागोच्या पोरांनी 303 घेतलं ते स्वस्त म्हणून. आज त्याच यंत्राला हजारो डॉलर मोजून त्यांचा आवाज मिळवायचा, म्हणजे त्यांची फलश्रुती उचलायची आणि त्यांची परिस्थिती उलटी करायची.

महाराष्ट्रात तर याची गंमतच आहे. रोलंडनेच 1985 मध्ये ऑक्टापॅड काढलं. आठ रबरी चौकोनांचं ते यंत्र आपल्या ऑर्केस्ट्रांत, हळदीच्या आणि गणपतीच्या बँजो पार्ट्यांत असं रुजलं की ‘पॅडवाला’ हा स्वतंत्र कलाकार झाला. त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, जुन्या दुरुस्त होत राहिल्या. त्याला कुणी ‘रेट्रो’ म्हणत नाही. ते अजून कामावर आहे, एवढंच.

तिसऱ्या काळाबद्दल थोडक्यात. 1987 चा एसपी-1200 हा सँपलर बारा बिटचा आणि सगळी मिळून जेमतेम दहा सेकंदं साठवणारा. जागा वाचवायला लोक 33 च्या वेगाची तबकडी 45 वर वाजवून नमुना घेत आणि यंत्रात पुन्हा संथ करत. त्यातून येणारी खरखर हीच पुढे हिपहॉप आणि हाउसची ओळख झाली.

गोव्याचं उदाहरणही याच जातीचं. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर उष्मा आणि धूळ, तबकड्यांचे हाल. म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर वाजवत. डॅटचा वेग कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठेके जुळवणं अवघड. त्यामुळे गोवा ट्रान्सच्या गाण्यांना ठेक्याविना सुरू होणारी आणि ठेक्याविना विरणारी लांब टोकं आली, म्हणजे एकाच्या धुक्यात दुसरं गाणं सोडता येई. अध्यात्माचं जे वलय त्या संगीताला चिकटलं, त्यात हवामानाचा वाटा थोडाथोडका नव्हता.

निर्मितीचा शेवटचा टप्पा तबकडीचा. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन सत्तरच्या दशकात गाणी लांबवून डिस्कोसाठी मिक्स करायचा. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून दहा इंचांवर गाणं कोरलं. रेघा ऐसपैस झाल्या, आवाज दणदणीत आला आणि त्यातून बारा इंची सिंगलची वाट निघाली. रेघेला स्वतःचे नियम असतात. खोल बास मधोमध, दोन्ही कानांना सारखा ठेवावा लागतो, नाहीतर सुई उडी मारते. ‘स’काराची शीळ आवरावी लागते. तबकडीच्या आतल्या भागात तपशील मंदावतो, म्हणून दणक्याची गाणी बाहेरच्या कडेला. बास मधे ठेवायची सवय क्लबच्या स्पीकरांनाही मानवली, म्हणून ती डिजिटल काळातही टिकली. या साऱ्या पुनरुज्जीवनाचा आधार किती नाजूक आहे ते फेब्रुवारी 2020 मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि कोरण्याच्या लॅकरच्या चकत्या बनवणारा जगात एकच मोठा उत्पादक उरला, जपानमध्ये. टेपचंही तसंच. आता दोनच नावाजलेले उत्पादक आहेत, एक अमेरिकेत आणि एक फ्रान्समध्ये, आणि दोन इंची रिळाला काहीशे डॉलर पडतात.

मुंबई-पुण्यात बसून कुणाला जुन्या यंत्रांवर काम करायचं असेल तर हिशेब आणखी वाढतो. जपानी बाजारातला 808 शंभर व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या भिंतीत खुपसला की संपला. पावसाळ्यात बटणं खरखरतात, जुने कपॅसिटर सुकतात, आणि ते बदलणारा जाणकार मिळाला तर सुटे भाग मिळत नाहीत.

मग नकला का नकोत? 1997 मध्येच ‘रीबर्थ’ या सॉफ्टवेअरने 303 आणि 808 संगणकात आणले. रोलंडने 2014 पासून स्वतःच आपल्या जुन्या यंत्रांच्या डिजिटल आवृत्त्या विकायला घेतल्या. बेरिंगर कंपनीने 2019 मध्ये 303 ची ॲनालॉग नक्कल अगदी सामान्य किमतीत आणली. क्लबमध्ये, पूर्ण मिक्समध्ये, हा फरक मला ऐकू येत नाही आणि छातीठोकपणे ऐकू येतो म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. उलट अशी स्वस्त नक्कल घेऊन तिच्या बटणांशी महिनोन् महिने झटणारा विशीतला मुलगा हाच डीजे पिअरचा खरा वारस. महागड्या मूळ यंत्राला काचेच्या कपाटात ठेवणारा नव्हे.

या कसोटीवर आजचे काही अल्बम लावून पाहिले तर निवाडा सोपा होतो. नॉर्वेच्या टॉड टेर्येचं ‘इन्स्पेक्टर नॉर्स’ घ्या, आधी 2012 च्या ईपीवर आलेलं आणि पुढे 2014 च्या ‘इट्स अल्बम टाइम’मध्ये गेलेलं. त्या ईपीवरचा प्रत्येक आवाज, ड्रमसकट, एआरपी 2600 या सत्तरच्या दशकातल्या सिंथेसायझरवर घडवलेला आहे. अशा यंत्रावर एकेक आवाज वेगळा शिजवावा लागतो आणि तो शिजला की टेपवर किंवा डिस्कवर उतरवून टाकावा लागतो, कारण तारा उपटल्या की तो गेला. गाण्यातला खट्याळपणा या मर्यादेतूनच आलाय. एफेक्स ट्विनने 2005 मध्ये ‘ॲनालॉर्ड’ या मालिकेच्या अकरा तबकड्या काढल्या, त्यांतही यंत्राशी चाललेली झटापट ऐकू येते. याउलट डिस्कोची व्हायोलिनं, टाळ्यांचा आवाज आणि जाडसर बास संगणकात रांगेने लावून वर टेपच्या खरखरीचं प्लग-इन ओढणारे कितीतरी अल्बम पोशाखस्पर्धेत शोभतात. नावं घेत नाही, रेडिओ लावला की भेटतील.

‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ या दोहोंच्या मधे कुठेतरी उभा आहे. त्याच्याभोवती शुद्ध ॲनालॉगची दंतकथा जमली असली तरी रेकॉर्डिंग टेपवर आणि प्रो टूल्स या सॉफ्टवेअरवर एकाच वेळी केलं होतं, जे पटेल ते वापरलं, आणि कापाकापी बरीचशी संगणकातच झाली. ‘जॉर्जो बाय मोरोडर’मध्ये मोरोडर स्वतःची कहाणी बोलतात. त्यासाठी वेगवेगळ्या दशकांतले मायक्रोफोन मांडले होते, कहाणीतल्या काळाप्रमाणे बदलायला. ऐकणाऱ्याला हा फरक कळणार नाही, पण डाफ्ट पंकच्या दोघांना कळेल, अशा अर्थाचं उत्तर मोरोडरना अभियंत्याकडून मिळालं. मला हा हट्ट आधी चोचला वाटला होता. आता वाटत नाही. ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या गोष्टींवर जे कारागीर वेळ घालवतात, त्यांच्या कळणाऱ्या गोष्टीही सहसा नीट असतात.

तरी त्या अल्बमचा पैसा खऱ्या अर्थाने कुठे लागला असेल तर तो वादकांवर. हकीम आणि रॉबिन्सन यांच्या हाय-हॅटची एकही मात्रा दुसरीसारखी हुबेहूब नाही. रॉजर्सचा उजवा हात मोकळ्या आणि दाबलेल्या तारांमधून जो तालवाद्यासारखा खेळ करतो, तो कुठल्याही यंत्राच्या सोळा घरांत मावत नाही. डाफ्ट पंक फेब्रुवारी 2021 मध्ये विसर्जित झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये याच अल्बमची एक आवृत्ती निघाली, सगळे ड्रम काढून टाकलेली. नृत्यसंगीताचा अल्बम आणि ठेकाच नाही, म्हणजे निव्वळ विक्रीची क्लृप्ती, असं म्हणत मी ती लावली. ‘गेट लकी’मध्ये किक पडत नव्हती, पण रॉजर्सची गिटार आणि बास यांनी ती जिथे पडायची ती जागा इतकी घट्ट धरून ठेवली होती की पाय तरीही हलत होता.